कुटुंबाचा आवाज

स्टुडिओत तिला सगळे 'कुटुंब' म्हणायचे. नाव पाडलं रेकॉर्डिस्टनं. सिनेमात आजी, सून, शेजारीण आणि शाळकरी पोरगा असला, की चौघांचेही आवाज ही एकटीच काढायची. सकाळी जिन्यावर तिच्या चपला वाजल्या, की तो आतूनच ओरडायचा, "चला, कुटुंब आलं! पंखा बंद करा." पंख्याची घरघर माइकमध्ये यायची म्हणून तो बंद करायचा. एकदा तिचा नवरा विसरलेला डबा द्यायला वर आला आणि त्यानं नेमकं हे ऐकलं. परका माणूस आपल्या बायकोला कुटुंब म्हणतोय म्हटल्यावर तो डबा हातात घेऊन दारातच खांबासारखा उभा राहिला. समजूत घालता घालता रेकॉर्डिस्टची पुरेवाट झाली. पुढे मात्र नवराही घरी तिला याच नावानं चिडवू लागला.

मूळची ती कापडाच्या दुकानातली, पडद्यांच्या काउंटरवरची. गिऱ्हाइकानं पाठ फिरवली, की त्याचा आवाज हिच्या गळ्यातून निघायचा. ढीगभर तागे उलगडायला लावून 'बघते हं, यांना विचारून येते' म्हणणारी बाई गेली रे गेली, की तीच बाई काउंटरच्या अलीकडून बोलू लागायची. बाकीच्या पोरी ताग्यांमागे तोंड लपवून हसायच्या. एक दिवस एक जाडजूड गृहस्थ भिंतींना लावायला जाड पडदे शोधत आले. वाकून कापड चाचपत असताना त्यांना मागून एका खवट म्हातारीचा आवाज आला. वळून बघतात तर म्हातारी नाही.

"आत्ता बोलल्या त्या आजीबाई कुठंयत?"

"गेल्या," ती म्हणाली.

"गेल्या कशा? दार तर माझ्यासमोर आहे."

पोरींनी लगेच तिच्याकडे बोट दाखवलं. आता नोकरी जाते, या भीतीनं तिनं जीभ चावली. गृहस्थ म्हणाले, "म्हातारी झकास आहे. लहान मूल येतं का?" तिनं मूल काढून दाखवलं, वर त्याला थोडी सर्दीही दिली. गृहस्थांनी पडदेही घेतले आणि तिलाही.

हे गृहस्थ म्हणजे सीडी कंपनीचे शेठ. कुठल्या कुठल्या देशांतले, कुणी ढुंकूनही न पाहिलेले सिनेमे ते पडेल भावात उचलायचे, आपल्या भाषेत बोलते करायचे आणि त्यांच्या सीडी काढायचे. स्टुडिओ टायरच्या दुकानावर होता. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले, दाराला जुनी गादी ठोकलेली, त्यावर आता नवे पडदे. समोर एक छोटा टीव्ही. त्यात ओठ हलायचे आणि त्या ओठांत बसतील अशी वाक्यं तिनं भरायची. परदेशी ओठ लवकर मिटले आणि आपलं वाक्य उरलं, की ती उरलेलं वाक्य नुसत्या हुंकारात गुंडाळायची. रेकॉर्डिस्ट म्हणायचा, "वाक्याला मुरड घालावी तर कुटुंबानंच."

ते दिवस सीडीचे होते. ज्याच्या घरी प्लेअर असे त्याच्या घरी गल्ली लोटायची. ज्याच्याकडे नसे तो सुट्टीपुरता भाड्यानं आणायचा. सिनेमा दोन सीडींत यायचा. ऐन रंगात आलेलं वाक्य अर्ध्यावर तुटायचं, पडद्यावर निळा रंग पसरायचा आणि कुणीतरी ओरडायचं, "दुसरी टाक, दुसरी!" मग दुसरी शोधायची. ती पहिलीच्या पाकिटात सापडायची, नाहीतर शेजारच्यांनी नेलेली असायची. सीडी अडखळली, की सदऱ्याच्या टोकानं पुसायची, तोंडाची वाफ द्यायची, पुन्हा पुसायची. सगळे श्वास रोखून बसायचे. चित्र परत हललं, की सुटकेचा एकच आवाज व्हायचा.

त्या काळात ती कामावरून घरी येताना रस्त्याकडेच्या खिडक्यांतून स्वतःला ऐकायची. एका घरात तिची सून रडत असायची, पुढच्या घरात तिचंच पोरगं शाळेला दांडी मारत असायचं. बसमध्ये एक बाई आपल्या मुलाला रागावली ती थेट हिच्याच म्हातारीच्या चालीत. "अरे मेल्या, हाडं मोडली तुझ्यापायी!" ही पुढच्या सीटवर पदरात तोंड खुपसून हसत राहिली. पाकिटावर तिचं नाव कधीच नसायचं. नवऱ्याला ते डाचायचं. ती म्हणायची, "नाव नसेना का. आवाज तर आहे."

मग ते दिवसही सरले. सीडी आधी दुकानातून फुटपाथवर आल्या, मग ढिगावर, मग ढीगही दिसेनासे झाले. शेठनी कंपनी गुंडाळली. ती पुन्हा पडद्यांच्या काउंटरवर उभी राहिली. लेकीचं लग्न झालं. आणि त्यानंतर तिचा आवाज बसला. सुरुवातीला सगळे म्हणाले, वय झालं, गरम पाणी पी. आवाज बसला तो उठेचना. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि आडवळण न घेता सांगितलं, की गळ्यातली आवाजाची पेटीच काढावी लागेल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लेक फोन घेऊन बसली. "आई, काहीतरी बोल ना. भरून ठेवते."

तिनं हात झटकला. त्या बसक्या, फाटक्या आवाजात म्हणाली, "हा कसला भरतेस? चांगला होता तो बाजारात पडलाय की, हजारोंनी." ती भ्यायली होती. फोनसमोर बोललं, की आपण निरोप घेतोय असं होईल, असं तिच्या मनानं घेतलं होतं. लेकीला ते कळलं आणि तिनं फोन खाली ठेवला.

नात जन्मली ती या सगळ्यानंतर. तिनं आजीला ऐकलं ते यंत्रातूनच. टॉर्चएवढं यंत्र, ते गळ्याला टेकवून ओठ हलवले, की सपाट, गुणगुणणारे शब्द बाहेर पडतात. नात त्याला 'आजीचा भुंगा' म्हणायची. तिला त्यात काही वावगं वाटायचं नाही. कुणाची आजी काठी घेते, आपली भुंगा घेते.

एका सुट्टीच्या दिवशी लेक ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करत होती. सगळे हसत होते. जावई नातीला म्हणाला, "हे तुझ्या आईनं तुझ्या आजीकडून उचललंय बरं का."

"आजीकडून कसं?" नात म्हणाली. "आजीला तर एकच आवाज येतो."

हसू जिथल्या तिथं थांबलं. आजीनं भुंगा उचलला आणि तसाच परत ठेवला. लेक ताडकन उठली. "थांब, तुला ऐकवते. आज ऐकवतेच."

माळ्यावरून प्लेअर काढला, जुन्या चादरीत गुंडाळलेला. त्याचा खण उघडेना. नवरा आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आलेला. अडकलेलं दार बघितलं, की त्याच्या अंगात उत्साह संचारायचा. त्यानं झाकण खोललं. आतला रबरी पट्टा विरघळून डांबरासारखा झाला होता. त्यानं तो खरवडून काढला, स्वयंपाकघरातलं रबरबँड चढवलं आणि खण कण्हत कण्हत बाहेर आला. नातीनं टाळ्या वाजवल्या.

पण सीडींचं काय? शेठ प्रत्येक सिनेमाच्या दोन्ही सीडी तिला द्यायचे आणि ती कौतुकानं पत्र्याच्या पेटीत ठेवायची. पेटी उघडली तर प्लॅस्टिकची पाकिटं सीडींना घट्ट चिकटून बसलेली. लेकीनं एक हलक्या हातानं सोडवली, तर चकचकीत थर साल निघावी तसा पाकिटाबरोबर आला आणि हातात काचेसारखी कोरी चकती राहिली. दुसरीचं तेच. ज्या एक-दोन सुटून आल्या त्या प्लेअरमध्ये नुसत्या गरगरल्या आणि पडद्यावर 'सीडी नाही' अशी अक्षरं आली.

"आहे की! ही काय आत!" नवरा पडद्यावर खेकसला.

लेकीनं शेठच्या घरी फोन लावला. शेठ कधीच वारले होते. पुतण्या म्हणाला, मूळच्या टेप गोदामात होत्या, गोदामात पाणी शिरलं, सगळा लगदा फेकून दिला. आणि असे सिनेमे आता नेटवर तरी कोण टाकणार? लेकीनं तिथंही शोधलं. एक सिनेमा सापडला, पण त्याच्या मूळ भाषेत. आजी खुर्ची ओढून बसली आणि त्या बाईचे ओठ पाहत राहिली. त्या ओठांतली सगळी वाक्यं तिला अजून पाठ होती.

मग आठवण झाली ती कोपऱ्यावरच्या सीडी लायब्ररीची. तिथं आता मोबाइलची कव्हरं टांगलेली. मालक तोच, फक्त केस गेलेले. त्यानं तिला ओळखलं नाही, पण चौकशी ऐकून हळहळला. "एवढ्या होत्या हो काकू, भिंत भरून. भंगारवालाही घेईना. म्हणे, हे वितळतही नाही आणि विकतही नाही. शेवटी मेव्हण्यानं नेल्या, मळ्यावर. पाखरं हाकायला."

जावयानं गाडी काढली. मळा गावाबाहेर होता, टोमॅटोचा. तारांना दोऱ्यांनी बांधलेल्या सीडी ओळीनं लटकत होत्या आणि वाऱ्यावर गिरक्या घेत होत्या. उन्हाचे कवडसे पानांवर, मातीवर, तिच्या साडीवर नाचत होते. नात 'किती छान!' म्हणत वाफ्यांतून पळत सुटली. आजी एकेक सीडी धरून वाचायला लागली. बहुतेकांची छपाई उडालेली. उन्हानं चांदी पिवळी पडलेली, कडांना बुरशीसारखे डाग. एकीवर अर्धी अक्षरं उरली होती आणि तेवढ्यावरून तिनं सिनेमा ओळखला. यात ती दोन बहिणी होती, आणि त्यांची आईही.

मळेवाला भला माणूस. "न्या की हव्या तेवढ्या," म्हणाला. "तशीही पाखरं सरावलीत. आता तारेवरच बसतात."

तिनं ती सीडी हातात उलटसुलट केली. आरपार ऊन दिसत होतं. तिनं ती सोडली, तशी सीडी पुन्हा फिरू लागली.

शेवटचा आसरा होता रेकॉर्डिस्ट. तो तळमजल्याच्या खोलीत एकटा राहायचा. त्याचे कान पार गेले होते. उभा जन्म दुसऱ्यांचे आवाज कानात ओतून घेतलेला माणूस, आता दाराची बेलही त्याला ऐकू येत नव्हती. नवऱ्यानं खिडकीतून हात हलवला तेव्हा कुठे त्यानं दार उघडलं. तिला बघून त्याचा चेहरा उजळला. "कुटुंब!" असं म्हणून तो उठून खरोखरच पंखा बंद करायला गेला. मग त्याला तिच्या गळ्यावरचा रुमाल दिसला. तिनं भुंगा लावून काही विचारलं. ते त्याला ऐकू जाईना. ती बोलू शकत नव्हती आणि तो ऐकू शकत नव्हता. लेकीनं त्याच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं.

त्यानं कपाट उपसलं आणि तळातून एक सीडी काढली. "बेटावरच्या शाळेचा सिनेमा. दुसरीच आहे, पहिली कुणी तरी ढापली." मग त्याला हसू फुटलं. "पण यात गंमत आहे. म्हातारी खाटेवर पडलीये, सून चमच्यानं औषध पाजतीये, आठवतं? त्या दिवशी तुझ्या घशाला खरखर सुटली. म्हातारीचा आवाज काढता काढता तू मध्येच म्हणालीस, 'थांबा हो, परत घेऊ या का?' म्हातारीच्या नाही, तुझ्या आवाजात! आणि ते कापायचं राहिलं. सीडी छापून बाजारात. शेठ नुसते थयथय नाचले. पण एका गिऱ्हाइकानं तक्रार केली असेल तर शपथ. सगळ्यांना वाटलं, म्हातारी औषध परत मागतीये."

नवऱ्यालाही हसू आवरेना. तिनं सीडी दोन्ही हातांत धरली. तिच्या ध्यानात आलं, की जिथं जिथं आपला आवाज आहे असं ती म्हणत आली, तिथं तो कुणा ना कुणाचा होता. म्हातारीचा, पोराचा, सुनेचा. तिचा स्वतःचा असा तो एवढाच, चुकून राहिलेला.

दुपारी सगळे टीव्हीसमोर बसले. लेकीनं मोबाइल समोर धरला, आवाज भरून घ्यायला. सीडी आत गेली, गरगरली, आणि चित्र आलं. समुद्र, शाळा, घंटा. एक पोरगा धावत आला आणि धापा टाकत बोलला.

"ही तू?" नातीनं विचारलं.

तिनं मान हलवली.

मग म्हातारी आली, सुनेवर तोंडसुख घेत. नात हसून हसून आडवी झाली. "हीपण तू? आजी, हीपण?" ती प्रत्येक वेळी मान डोलवत होती. कितीतरी वर्षांनी तिला खोलीत स्वतःची उपस्थिती जाणवत होती. नवरा मांडीवर थाप मारून म्हणाला, "बघ, सगळं कुटुंब आलं!"

"पण यात तुझा कुठला?" नात म्हणाली.

"आत्ता येईल. गप्प बस आणि ऐक," लेक म्हणाली.

खाट आली. सून चमचा घेऊन वाकली. म्हातारी कण्हली, औषधाला नको म्हणाली, आणि चमचा हवेतच थांबला. म्हातारीचा चेहरा आधी दोन जागी फाटला, मग त्याचे चौकोन चौकोन झाले. स्पीकरमधून ठक ठक ठक असा आवाज आला. पडदा काळा झाला आणि एकदम होडी दिसू लागली, समुद्राच्या मध्यावर.

"मागे घे, मागे घे!"

मागे घेतलं. चमचा थांबला. चौकोन. ठक ठक. होडी.

सीडी काढून पुसली. आतून बाहेर पुसली, वाफ देऊन पुसली, टूथपेस्ट चोळून धुतली, मऊ फडक्यानं कोरडी केली. नवऱ्यानं प्लेअरचं भिंग कापसानं टिपलं. दर वेळी सगळे तसेच श्वास रोखून बसले आणि दर वेळी होडी आली. एकदाच, चौकोनांच्या मधून, 'थां' असं काहीतरी आलं. का आल्यासारखं वाटलं. लेक म्हणाली आलं, जावई म्हणाला ती म्हातारीच होती.

फोटो स्टुडिओवाल्याकडे जुना कॉम्प्युटर होता. तिथं नेली. त्यानं बाकी सगळं उतरवून दिलं. पोरगा, म्हातारी, घंटा, होडी. त्या एका जागी त्याचाही कॉम्प्युटर अडकून पडला. शेवटी त्यानं सीडी खिडकीशी धरली आणि तिला जवळ बोलावलं. चांदीच्या थरात सुईच्या अग्राएवढं भोक होतं आणि त्यातून उजेड येत होता.

"इथं थरच नाहीये काकू," तो म्हणाला. "ओरखडा असता तर काहीतरी केलं असतं. नाहीच त्याला काय वाचणार?"

नवरा त्याच्याशी वाद घालत राहिला. लिफ्टच्या बाबतीत 'नाहीच' असं काही नसतं. दोर तुटला तर नवा दोर, चाक झिजलं तर नवं चाक. स्टुडिओवाला बिचारा ऐकून घेत होता. तिनं नवऱ्याची बाही ओढली.

घरी आल्यावर नात आजोबांच्या मांडीवर चढली. "आजोबा, तुम्ही तर ऐकलाय ना? मग सांगा ना कसा होता."

"कसा म्हणजे, चांगला होता."

"गोड होता?"

"गोड असा नाही."

"जाड?"

"जाड पण नाही. कसा होता..." तो थांबला. दारातून मला हाक मारायची ना, असं काहीतरी म्हणत त्यानं तोंड उघडलं, जणू ती हाक मारूनच दाखवणार होता. ओठ हलले आणि तसेच राहिले. त्यानं बायकोकडे पाहिलं. स्टुडिओत वाक्य विसरलेला माणूस बाजूच्याकडे बघायचा तसं पाहिलं, की आता ही हळूच सांगेल.

तिला कळलं. त्याला आठवत नव्हता. तो शोधत होता आणि त्याला सापडत नव्हता, आणि ते तिला कळू नये म्हणून त्याची धडपड चालली होती.

तिनं डोळे मिटले आणि मनातल्या मनात ते वाक्य म्हणून पाहिलं. थांबा हो, परत घेऊ या का? आधी ते म्हातारीच्या आवाजात आलं. पुन्हा म्हटलं, तर पोराच्या. मग भुंग्याच्या. ती म्हणत राहिली. सगळे आले, फक्त ती आली नाही.

"जाऊ दे," नात कंटाळून म्हणाली. "मला ती म्हातारी लावा."

लेकीनं डोळे पुसून मोबाइल पुढे केला. पुढे कितीतरी दिवस घरात तेच चाललं. नातीनं म्हातारी पाठ केली, पोरगा पाठ केला, आणि गंमत अशी, की तिला ते हुबेहूब जमायला लागलं. घरी आलेल्या प्रत्येकाला ती करून दाखवायची आणि शेवटी म्हणायची, "ही माझी आजी." लोक कौतुकानं आजीकडे वळायचे. ती हसून मान डोलवायची. ही मी नाही, असं सांगायला भुंगा लावावा लागला असता, आणि लावून तरी ती काय ऐकवणार होती?